अफवा अडाणी माणूस पसरवतो, हे आधी डोक्यातनं काढा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अफवांवर तुम्ही जो मोठा लेख छापलाय तो वाचला, आमच्या दुकानात येणाऱ्या दोघा-चौघांनी पण वाचला, सगळ्यांना पटला, आणि तो इतका पटकन पटला तेच मला खटकलं म्हणून हे लिहितोय. लेखाचा सूर असा की खेड्यातला कमी शिकलेला माणूस, हातात स्वस्तातला मोबाईल, त्यात डेटा जवळपास फुकट, मग तो काय दिसेल ते पुढं ढकलणारच. माझं जत तालुक्यात मेडिकल आहे. दिवसभर काउंटरला उभं राहून लोक काय काय मोबाईलमधे दाखवतात ते बघतो, आणि मला दिसतं ते चित्र तुमच्या लेखापेक्षा बरंच वेगळं आहे.

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, मधेच गायब होतो आणि पुन्हा उगवतो. पी-५०० लिहिलेली पॅरासिटामॉल घेऊ नका, ती नवीन आलीय, खूप पांढरी आणि चकचकीत आहे, तिच्यात माचुपो नावाचा जगातला अतिशय घातक व्हायरस सापडलाय, घरच्यांना पाठवा आणि जीव वाचवा. २०१७ च्या सुमाराला हा मलेशिया-सिंगापूरकडं पण फिरत होता, तिथल्या आरोग्य खात्यांनी खोटा म्हणून सांगितलं, तरी आपल्याकडं येतोच. माचुपो व्हायरस आहे खरा, पण तो दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियाकडं, तिथल्या उंदरांकडनं माणसाला होतो, कोरड्या गोळीत बसून तो जतला येत नाही. आणि ५०० म्हणजे ५०० मिलिग्रॅम, बाकी काही नाही. आता हा मेसेज घेऊन माझ्याकडं कोण येतं? रिटायर झालेले गुरुजी येतात, बँकेतले साहेब येतात, पुण्यात आयटीला असलेल्या पोराची आई येते आणि तिला तो पोरानंच पाठवलेला असतो. शेतात मजुरीला जाणारी बाई म्हणते दादा तापाची गोळी द्या लवकर, उद्या कामाला जायचंय. तिच्याकडं फोन आहे हो, पण तिला कुणी ग्रुपमधे घेतलेलं नाही.

आणि शहरातल्या शिकलेल्यांचं म्हणाल तर २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो. तेव्हा कुठला व्हॉट्सॲप, कुठला स्मार्टफोन, तरी पहाटे दिल्लीकडं सुरू झालेली गोष्ट दिवसभरात मुंबईत आणि संध्याकाळपर्यंत लंडनच्या मंदिरात पोचली होती, सगळी एसटीडी फोनवर आणि तोंडी. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं की दूध चमच्यातनं मूर्तीवर ओढलं जाऊन खाली ओघळतंय, रांगेतले लोक म्हणाले असेल असेल पण आमच्या डोळ्यादेखत प्यायला. त्या रांगांमधे डॉक्टर होते, प्रोफेसर होते. मग २०१६ ला नोटाबंदीनंतर दोन हजारच्या नोटेत जीपीएसची चिप आहे, जमिनीत खोल पुरली तरी सॅटेलाईटला कळतं, हे सगळ्यात आधी कुणी सांगितलं, खेडुतानं? टीव्ही चॅनलवर सूटबूट घालून सांगितलं साहेब, ग्राफिक्स लावून. त्याच नोव्हेंबरमधे मीठ संपलं म्हणून दिल्लीत, यूपीत, मुंबईत पण लोक पिशव्या घेऊन पळाले, किलोला दोनशे-चारशे रुपये सांगितले गेले, ते पण तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या देशात. आणि युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात बेस्ट ठरवलं हा तर दर १५ ऑगस्टला हमखास, पाठवणाऱ्यांत इंजिनियर जास्त. म्हणून म्हणतो शिक्षणाचा आणि ह्याचा संबंध तुम्ही लावलाय तेवढा सरळ नाही.

मग माणूस पाठवतो का? मी लोकांना विचारतो, भांडायला नाही, सहज. आणि उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. "खरं असलं तर कुणाचं तरी भलं होईल, खोटं असलं तर आपलं काय गेलं?" हा हिशोब नीट बघा, ह्यात मूर्खपणा कुठंय? बहिणीच्या पोराला कोण पळवून नेईल अशी भीती एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला अंगठा एकदा दाबायचा त्रास. पाठवलं नाही आणि काही झालं तर जन्मभर मनाला लागणार, पाठवलं आणि खोटं निघालं तर लोक दोन दिवसांनी विसरणार. कुणीही पाठवेल. बहुतेक लोक खोटं पसरवायचं म्हणून पाठवत नाहीत, काळजी पोचवायची म्हणून पाठवतात, मेसेज म्हणजे तुझी आठवण आहे एवढाच त्याचा अर्थ असतो बऱ्याचदा. (मुद्दाम खोटं बनवणारे वेगळे, त्यांचा धंदा असतो नाहीतर राजकारण असतं, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये.) ह्या विषयावर संशोधन करणाऱ्यांना पण असंच दिसलंय, की हे खरं वाटतं का खोटं असं सरळ विचारलं तर बरेच लोक बऱ्यापैकी बरोबर ओळखतात, पण शेअर करताना तो प्रश्न त्यांच्या डोक्यात येतच नाही.

फक्त त्या हिशोबात एक आकडा कायम राहून जातो. खोटं असलं तर आपलं काय गेलं, बरोबर, आपलं काही जात नाही. जातं दुसऱ्याचं.

राईनपाडा आठवत असेल तुम्हाला. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. एसटीतनं पाच माणसं उतरली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी. त्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलला असं निमित्त झालं आणि बाजार त्यांच्यावर धावून गेला, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही गेले. त्या भागात कितीतरी दिवस मुलं पळवणारी टोळी आलीय, किडन्या काढतात असले मेसेज फिरत होते. त्यातले बहुतेक होते आमच्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातले. इकडची माणसं, पोटासाठी चारशे-पाचशे किलोमीटर लांब गेलेली. त्यावेळी आमच्याकडं सगळे हळहळले, लोक कसे इतके पिसाळतात म्हणून दुकानात चर्चा झाल्या, मेणबत्त्या पण लागल्या.

आणि मग सप्टेंबर २०२२. आमच्याच जत तालुक्यातलं लवंगा गाव. उत्तरेकडचे चार साधू, विजापूरकडनं पंढरपूरला निघालेले, गावात मंदिरात मुक्काम केला, सकाळी निघताना एका पोराला रस्ता विचारला. झालं. मुलं पळवणारी टोळी म्हणून पट्ट्यांनी काठ्यांनी मारलं, तो व्हिडिओ देशभर गेला, पोलिसांनी आधारकार्ड बघितली तर माणसं साधू म्हणून खरीच निघाली. जीव वाचले एवढंच. चार वर्षांपूर्वी ज्या मेसेजनं आमच्या शेजारची माणसं मारली होती जवळजवळ तोच मेसेज फिरून आमच्या इथं आला आणि आमच्या लोकांनी तो पुन्हा पहिल्यासारखाच खरा मानला. राईनपाड्याचं कुणाला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून झालं. त्यामुळं जनजागृती केली की थांबेल ह्यावर माझा फार विश्वास राहिलेला नाही, कारण जागृत लोकच होते ते.

२०१८ ला जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक कदाचित तुम्ही पाहिला असेल. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत, मोटारसायकलवर दोघे येतात, एका पोराला उचलतात आणि पळतात. हा व्हिडिओ मुळात पाकिस्तानातला, कराचीतल्या एका मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं पालकांनी सावध राहावं म्हणून बनवलेली जाहिरात. मूळ व्हिडिओत ते दोघे परत येतात, पोराला खाली सोडतात आणि हातात बोर्ड धरून दाखवतात की मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो. आपल्याकडं आला तो शेवटचा भाग कापून. म्हणजे ॲक्टिंग करणाऱ्या माणसांना बघून इथं खऱ्या माणसांना मारलं. दुसरे फोटो होते ओळीनं ठेवलेल्या लहान मुलांच्या मृतदेहांचे, ते किडन्या काढलेल्या मुलांचे म्हणून फिरले, होते ते सीरियात २०१३ ला विषारी वायूनं मेलेल्या मुलांचे. आता हे मला नंतर वाचून कळलं, पण ज्या आईनं तो फोटो रात्री साडेदहाला पोराला झोपवताना बघितला ती काय सीरिया शोधत बसणार आहे का.

अजून एक गोष्ट ह्यात आहे जिच्याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ पण नव्हती. मेसेजमधे फक्त टोळी लिहिलेलं असतं, नाव गाव काही नसतं. मग संशय जातो कुणावर? नंदीबैलवाला, बहुरूपी, डवरी, वेडसर बाई, परप्रांतातला साधू, आपली भाषा न बोलणारा फेरीवाला. सुमो गाडीतनं उतरलेल्या इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसाला मुलं पळवणारा म्हणून कधी घेरल्याचं ऐकलंय का? हा संशय व्हॉट्सॲपनं तयार केलेला नाही. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का १९५२ ला कागदावरनं पुसला, पण नवीन माणूस गावात आला की पोलिसपाटलापासून सगळ्यांची नजर आधी कुणाच्या पालाकडं वळते ते आम्हाला माहितीये. अफवा फक्त ठिणगी असते, गवत आधीपासनं वाळलेलं असतं. लोक वाट्टेल ते खरं मानत नाहीत साहेब, त्यांना आधीच जे वाटत असतं तेवढंच खरं मानतात, श्रीमंत माणूस मुलं पळवतो असा मेसेज टाकून बघा, दोन फॉरवर्डच्या पुढं जाणार नाही.

गडचिंचल्याला, पालघर जिल्ह्यात, १६ एप्रिल २०२० ला काय झालं ते सगळ्यांना माहितीये, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, लॉकडाऊनमधे रात्री चोर फिरतायत, अवयव काढतात ह्या अफवेवर गावोगाव पहारे लागलेले. पण त्याच्यानंतर काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माणसं अफवेनं मेली आणि मेल्यावर त्यांच्यावर दुसरी अफवा स्वार झाली, की हे दुसऱ्या धर्माच्या लोकांनी केलं. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की ह्यात एकही मुसलमान नाही. ही दुसरी अफवा पसरवणारे तिथले आदिवासी नव्हते, ते ट्विटरवर इंग्रजीत टाइप करणारे लोक होते.

आता घरातलं सांगतो. प्रत्येक घराच्या ग्रुपवर एक काका असतात, आमच्याकडं पण आहेत, वयानं मोठे, मानाचे, लग्नकार्यात पहिली पत्रिका त्यांना. ते रोज काहीतरी टाकतात. ते खोटं आहे हे ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना कळत असतं. पण बोलणार कोण? काकांना सगळ्यांसमोर खोटं पाडणं म्हणजे उलट बोलणं, सून बोलली तर जास्तच वाईट, जावई बोलला तर मग विषयच संपला. त्यामुळं सगळे गप्प, दोघे-तिघे हात जोडल्याचं चित्र टाकतात, आणि ज्यांना माहीत नसतं त्यांना वाटतं की सगळ्यांना मान्य आहे. मानसशास्त्रवाल्यांनी १९७७ मधेच प्रयोग करून दाखवलंय की एखादं वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते जास्त खरं वाटायला लागतं. मग तेच काकांकडनं, तेच सोसायटीच्या ग्रुपवर, तेच दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आलं की माणूस म्हणतो तीन ठिकाणी आलंय म्हणजे असणारच काहीतरी. आलेलं असतं एकाच ठिकाणाहून.

अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी २०१८ मधे ट्विटरवरच्या सव्वा लाखभर बातम्या तपासल्या, २००६ ते २०१७ पर्यंतच्या. खोटी बातमी पुढं पाठवली जायची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्के जास्त, आणि १५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ. लोक म्हणतात हे मशिनी अकाउंट करतात, तर ती अकाउंट काढून टाकून मोजलं तरी तेच, म्हणजे माणसंच करतात. कारण खोट्या गोष्टीत नवीन काहीतरी असतं. खरी बातमी साधारण काय असते, तर पॅरासिटामॉल नेहमीसारखीच आहे. हे कोण कुणाला पाठवणार? म्हणून व्हॉट्सॲपनं २०१८ च्या प्रकारांनंतर भारतात एका वेळी पाच चॅटलाच फॉरवर्ड करता येईल असं केलं, एप्रिल २०२० ला खूप फिरलेला मेसेज एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं, आणि तसले मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाले असं कंपनीनंच सांगितलं. माणसं तीच, शिक्षण तेवढंच, फक्त अंगठ्याला जरा त्रास दिला. ह्यातनं पण कळतं बघा की दोष अकलेचा कमी आणि सोपेपणाचा जास्त आहे.

आणि सगळा दोष लोकांवर ढकलू पण नका. कोरोनाच्या वेळी आमच्या काउंटरवर लोक जे मागायला येत होते ते सगळं काही अफवेतनं आलेलं नव्हतं. मार्च २०२० ला हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनच्या मागं लोक लागले कारण मोठमोठ्या लोकांनी नाव घेतलं होतं, संधिवाताच्या पेशंटला, ज्याला ती रोज लागते, त्याला मिळेना. आर्सेनिकम अल्बम ३० ही होमिओपॅथीची गोळी घ्या म्हणून तर जानेवारी २०२० मधेच केंद्राच्या आयुष मंत्रालयानं सांगितलेलं, कोरोना टळतो ह्याचा काही पक्का पुरावा नसताना, मग गावोगाव नगरसेवकांनी त्या गोळ्या आपल्या फोटोसकट वाटल्या. वरनंच असं यायला लागल्यावर माणसानं खरं-खोटं कुठल्या चाळणीनं चाळायचं? दुसरीकडं चिकननं कोरोना होतो ही अफवा, ती खोटी आहे हे सरकार खरंच बोंबलून सांगत होतं, मंत्री स्टेजवर चिकन खाऊन दाखवत होते, कुणी ऐकलं नाही. पोल्ट्रीवाल्यांचं दिवाळं निघालं, कोंबड्या फुकट वाटल्या, आमच्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ एका शेतकऱ्यानं सहा हजारांच्या आसपास कोंबड्या जिवंत खड्ड्यात पुरल्या. एक मेसेज पुढं पाठवून कुणाचं काय जातं, ते त्या खड्ड्यात होतं.

राईनपाड्याच्याच सुमाराला मालेगावात पण असाच प्रकार झाला होता, तो लोक विसरले कारण कुणी मेलं नाही. एक कुटुंब, त्यात दोन वर्षांचं मूल, जमावानं मुलं पळवणारे म्हणून घेरलं. तर तिथल्याच काही माणसांनी त्यांना घरात घेतलं, दार लावून घेतलं आणि पोलिस येईपर्यंत जमावाला दाराबाहेर थोपवून धरलं. मेसेज सगळ्यांना तेच आलेले होते. वाचवणाऱ्यांकडं काय फॅक्टचेकची वेबसाईट उघडी होती का? त्यांनी समोर माणूस बघितला आणि आपल्याच गल्लीतल्या लोकांना नाही म्हणायची हिंमत केली. असली माणसं काय बघून नाही म्हणतात ह्याच्यावर कुणीतरी लिहा की. मारणाऱ्यांवर पानंच्या पानं येतात.

तुमच्या पेपरकडनं माझं मागणं साधं आहे. मुलं पळवणारी टोळी सक्रिय? असं प्रश्नचिन्ह लावून पहिल्या पानावर छापायचं आणि ती अफवा होती हे चार दिवसांनी आत जाहिरातीच्या बाजूला चार ओळीत, हे बंद करा. लोक प्रश्नचिन्ह वाचत नाहीत, कात्रणाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात, पेपरात आलंय म्हणून. तर मग खुलाशाचं पण कात्रण करता येईल असं छापा ना, तालुक्याच्या पानावर वरच्या बाजूला, मोठ्या अक्षरात, मोबाईलच्या स्क्रीनवर एकदम मावेल एवढंच. पहिल्या ओळीत खरं काय ते लिहा, अफवा काय होती ते खाली लिहा, तुम्ही उलटं करता आणि अर्धवट वाचणारा फक्त अफवाच घेऊन जातो. खाली तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव असू द्या, सूत्रांच्या माहितीनुसार नको. काकांना तोंडावर कुणी खोटं पाडणार नाही, पण पेपरचं कात्रण न बोलता त्यांच्या मेसेजखाली टाकता येतं, सुनेला पण टाकता येतं. आणि शेवटी पोलिस स्टेशनचा नंबर देणार असाल तर मोबाईलचा द्या, लँडलाईन कुणी उचलत नाही.

आपला,
एक मेडिकलवाला,
जत, जि. सांगली